दाखवून टाकायचं मत

धुळ्याच्या कोर्टाबाहेर मी अर्ज टाइप करून देतो. एका दुपारी साठीची एक बाई समोर येऊन बसली. प्रत्येक वाक्यानंतर ती मागे वळून पाहायची.

राज्यसभेच्या निवडणुकीत आमदारांना आपली मतपत्रिका पक्षाच्या माणसाला दाखवावी लागते, हे तिनं बातम्यांत ऐकलं होतं. हा नियम घटनेविरुद्ध आहे, असा अर्ज तिला दिल्लीच्या मोठ्या कोर्टात पाठवायचा होता.

"अक्का, त्याचा निकाल कधीच लागलाय," मी म्हणालो. "कोर्टानं नियम योग्य ठरवला. आमदार विकले जाऊ नयेत म्हणून तो आहे."

तिनं पदराखालून उजवा हात काढला. मनगट वाकडंच जुळलं होतं. ती ग्रामपंचायतीत सदस्य होती. उपसरपंच निवडताना तिनं दिराला मताची चिठ्ठी दाखवली नाही, म्हणून त्यानं घरी येऊन हात मोडला होता.

"तोबी हाईच म्हने, भाऊ. तू इकाई गयी."

तू विकली गेलीस, असं म्हणतच दिरानं हात मोडला होता. ती सांगेल तसा अर्ज मी टाइप केला. शेवटी नाव विचारलं.

"नाव-गाव नको टाकू," ती हळूच म्हणाली.

बिननावाचा अर्ज कोर्ट घेत नाही, हे मी तिला सांगितलं नाही.