कोळिणीची पाठवणी

त्या वर्षी टाळेबंदीत आमचं संग्रहालय बंद होतं आणि परदेशातल्या एका संग्रहालयातून उसनी आणलेली मातीची एक कोळीण आमच्या काचेच्या कपाटात अडकून पडली होती. वीतभर उंचीची, डोक्यावर टोपली. कधीकाळी माहीमकडूनच तिकडे गेलेली, म्हणे. प्रदर्शनाची मुदत संपलेली. एरवी तिकडचं माणूस येऊन वस्तू आपल्यासमोर पेटीत बंद करून घेतं. आता माणूस येणार नव्हतं, फक्त पेटी जाणार होती. तेव्हा तिकडच्या संग्रहालयातल्या बाई लॅपटॉपवरून बघतील आणि मी हातमोजे घालून त्या सांगतील तसं करीन, असं ठरलं. लालबागहून पास दाखवत मी पोचले, तर पेटी बनवणारे परळचे सुतारकाका दाराशी थांबलेले होते.

बाई म्हणाल्या, डावीकडे वळवा. मी वळवली. नाही, डावीकडे. कोळिणीची डावी, माझी डावी की पडद्यावरची? मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरलेली, त्यात आवाज तुटत होता. त्या रागावल्यात की नुसत्या विचारताहेत, तेही कळेना.

मग त्यांनी मान जवळून दाखवायला सांगितली. "ही चीर आधी नव्हती."

ती आली तेव्हाचे फोटो काढून पाहिले, तर त्यांत उजेड दुसऱ्याच बाजूनं. काकांनी टॉर्च धरला आणि पंख्याच्या वाऱ्यानं चीर हलली. तो केस होता. लांब, काळा.

मी ब्रश उचलला, तेवढ्यात बाईंनी थांबवलं. कोळिणीचा अंबाडा खऱ्या केसांचा आहे असं त्यांच्याकडे काहीजण मानायचे. रंगाचे थर इतके, की खात्री कुणालाच नव्हती. हा तुमचा तर नाही, असं त्यांनी विचारलं. माझे केस टोपीत घट्ट बांधलेले. तरी ठामपणे नाही म्हणवेना.

"माझा नाय," टकलावरून हात फिरवत काका म्हणाले.

शेवटी चिमट्यानं तो उचलून छोट्या पाकिटात ठेवला. वर काय लिहायचं यावर बराच वेळ गेला. वस्तूचा भाग म्हणावं तर पुरावा नाही, कचरा म्हणायला दोघींनाही जड जात होतं. नुसतं 'केस' लिहा, बाई म्हणाल्या. कोळीण आणि पाकीट पेटीत ठेवल्यावर काकांनी स्क्रू आवळले. बाईंनी हात हलवला, मला की कोळिणीला ते कळलं नाही, म्हणून मीही हलवला.

ती सुखरूप पोचली. पुढे बाईंनी कळवलं, अंबाडा तपासला, तो सगळा मातीचाच आहे. म्हणजे केस माझाच असावा. पण पाकिटाची नोंद झाल्यामुळे आता ते टाकता येत नाही, तिकडे तिच्या शेजारीच ठेवलंय. याचं हसू यावं की आणखी काही वाटावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.