अक्कांच्या दारातला थांबा

घोडे गेले, रिक्षा भंगारात गेल्या, पण किस्से काही जागचे हलत नाहीत. धुळ्यात आमच्या नाक्यावर एकाने एक सांगितला की त्याच्या मागे दुसरा नंबर लावून उभाच. मी मुळात कमी बोलतो. पण आता शहरात इलेक्ट्रिक बस आली, आणि माझ्याने गप्प राहवत नाही!

*

माझा दोस्त युसूफभाई टांगा हाकायचा. भाजी विकणाऱ्या अक्का त्याचं रोजचं गिऱ्हाईक. टोपली चढवायच्या आधी त्या मोती घोड्याला गुळाचा खडा द्यायच्या. मग मोती त्यांच्या दारात आपोआप थांबायला लागला.

एकदा टांग्यात नवरदेव होता. वाजंत्री पुढे निघून गेले आणि मोती अक्कांच्या दारात खिळला. लगाम ओढून झाला, विनवण्या झाल्या. मुहूर्त जवळ आला, तसे नवरीचे मामा धावत आले. शेवटी अक्का गूळ घेऊन बाहेर आल्या. नवरदेवाने हात पुढे केला.

"थांबा पाव्हणा," अक्का म्हणाल्या, "पहिला मान मोतीना."

*

टांगे बंद पडले, युसूफभाईने रिक्षा घेतली. पहिल्याच दिवशी उतारावर उभी करून तो चहाला गेला. रिक्षा आपली आपण निघाली आणि गिरणीच्या भिंतीला जाऊन टेकली.

"हँडब्रेक नाही ओढला?" मी विचारलं.

"मोतीला कधी ओढला होता?"

*

मी सिक्स सीटर चालवायचो. पुढच्या सीटवर मला धरून चौघे. एकदा पोलिसाने अडवलं. "गाडी कोण चालवतंय?"

"हँडल माझ्याकडे आहे, साहेब."

शेजारचे नाना म्हणाले, "आणि ब्रेकवर पाय माझा."

*

पुढे युसूफभाईची नजर अधू झाली. एका सकाळी अक्कांच्या दारात रिक्षा थांबवून तो अदबीने म्हणाला, "बसा अक्का."

समोर म्हैस होती.

मागून अक्का म्हणाल्या, "भाऊ, मी आठे शे, तुना मांगे."

सगळे हसले. युसूफभाई हसला नाही. त्याने रिक्षा विकून टाकली. मग रोज एकच घोर : "अक्कांचे गुडघे गेलेत. टोपली घेऊन बाजाराला जातील कशा?"

*

बस अक्कांच्या दारावरूनच जाते, पण थांबा पार पुढच्या चौकात. पहिल्या दिवशी आम्ही बसला हार घातला. अक्कांनी हात केला. बस हार मिरवत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी युसूफभाई रस्त्याच्या मधोमध उभा. त्याला दिसत नाही, बसला आवाज नाही, म्हणून "आली" असं मी सांगायचं. बस थांबली. ड्रायव्हर पिंपळनेरचा, तरणाबांड.

"चाचा, इथे स्टॉप नाही."

युसूफभाई चाचपडत खिडकीशी गेला. ड्रायव्हरच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तोवर मी अक्कांना वर चढवलं.

असं रोज चाललं.

गेल्या सोमवारी युसूफभाई तापाने घरी पडला. रस्त्यात उभं राहायची माझी छाती नाही. मी अक्कांची टोपली धरून दारातच थांबलो. लांबून बस दिसली. जवळ आली, हळू झाली आणि बरोबर अक्कांच्या दारात थांबली.

खिडकीतून ड्रायव्हरचा तळहात बाहेर आला.