न मागितलेले कागद

मी ऑफिसला लिहून कळवलं होतं, की मिठबावच्या कंत्राटदाराकडे कागदपत्रं तीन वेळा मागितली. खरं म्हणजे मी ती एकदाही मागितली नव्हती. तीन वेळा त्यांच्या घरी गेलो होतो, एवढंच खरं. तिन्ही वेळा जेवून परत आलो.

कामाला माणसं पुरवणाऱ्या एका एजन्सीसाठी मी मालवणात घरी बसून काम करतो. वीजकाम करणारे, वेल्डर, कूलिंगची यंत्रं दुरुस्त करणारे असे जिल्ह्यातले स्वतंत्र कारागीर माझ्याकडे आहेत. कारखान्याला किंवा हॉटेलला माणूस लागला, की ऑफिस मला विचारतं आणि मी फोन फिरवतो. आजवर एवढ्यावर भागत होतं. मग नवे नियम आले. एकट्यानं कंत्राट घेणाऱ्यालाही आता आपला व्यवसाय कागदावर दाखवावा लागतो. नोंदणीचं प्रमाणपत्र, पॅन, व्यवसायाच्या नावाचं बँक खातं, विमा. मुदतीत हे आलं नाही तर त्याचा कारखान्याचा गेटपास बंद. बाकीच्यांना मी बेधडक फोन केले. काहींनी मला शिव्या घातल्या, पण कागद पाठवले.

मिठबावच्या दादांना मात्र माझ्याच्यानं विचारवेना. ते बर्फाच्या कारखान्यांतली यंत्रं दुरुस्त करतात. वयानं माझ्याहून मोठे, आवाजानं तर फारच मोठे. पुण्यातली माझी नोकरी गेली आणि मी बायकामुलांना घेऊन गावी आलो, तेव्हा ओळखीची माणसं "बरा केलंस इलंस ता" म्हणून पुढे निघून जात होती. दादांशी माझी धड ओळखही नव्हती. मासळी बाजारात कुणीतरी गाठ घालून दिली. त्यांनी एका हातात बांगड्यांची पिशवी धरून तिथूनच एजन्सीला फोन लावला. "माणूस बरो आसा, मी सांगतंय ना!" माझा एकही दाखला त्यांनी पाहिला नव्हता. त्या एका वाक्यावर माझं घर आजही चाललं आहे. त्याच माणसाला मी कसं म्हणायचं, की तुम्ही कोण ते आता कागदावर दाखवा?

इतरांना पाठवलेला मेसेज त्यांना पाठवायला घेतला. ‘आपल्या व्यवसायाची कागदपत्रे तात्काळ सादर करावीत.’ वाचला आणि पुसून टाकला. समोरासमोर बोलू असं ठरवून मोटारसायकलनं आचऱ्यावरून मिठबावला गेलो. दादा पडवीत बसून फणस फोडत होते. हाताला तेल लावलेलं, समोर गऱ्यांचा ढीग.

"इलंस? बस. गरे खा आदी, मगे बोल."

मी गरे खाल्ले. मग वहिनींनी जेवायला थांबवलं. बोलायचं राहून गेलं.

पुढच्या दोन्ही वेळी असंच झालं. शेवटच्या खेपेला निघताना वहिनींनी विचारलंसुद्धा. "भावजी, तुमका काय तरी सांगूचा आसा. व्हय ना?"

"नाय हो वैनीनू. असोच इललंय."

ऑफिसमधल्या मॅडम फोनवर विचारत राहिल्या आणि मी "मागितलेत, आज-उद्या देतील" असं सांगत राहिलो. मुदत संपल्यावर त्यांनी लेखी खुलासा मागितला. तेव्हा मी ते तीन वेळांचं खोटं लिहिलं.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झाकून ठेवतात, बर्फाचे कारखाने थांबतात. यंत्रं उघडून नीट करायला तेवढेच दिवस मिळतात आणि दादांच्या वर्षाचं मुख्य काम तेच. त्या कामाच्या पहिल्याच सकाळी त्यांचा मला फोन आला. मागून टेम्पोचा आवाज येत होता.

"अरे, माका गेटार अडवल्यानी! माझी चार माणसा हत्यारा घेवन उभी आसत, आणि तो कालचो वॉचमन माका सांगता, तुमचा नाव बंद केला. वारंवार मागणी करूनही प्रतिसाद नाही, असा लिवलेला आसा म्हणता. कोणी मागणी केल्यान रे माझ्याकडे?"

"बघतंय, दादानू," मी म्हणालो. "कंप्युटरचो घोळ असतलो."

"घोळ! बघ काय ता. नायतर हे आता दुसऱ्याक बोलवतले." त्यांनी फोन ठेवला. माझ्यावर त्यांचा संशयसुद्धा गेला नव्हता.

मी मॅडमना फोन केला, नाव पुन्हा सुरू करता येईल का विचारलं. त्या म्हणाल्या, "प्रतिसाद न देणाऱ्याला या हंगामात परत घेता येत नाही. चूक आपल्याकडून झाली असेल तरच."

सुटायची वाट एवढीच होती, आणि ती माझ्यावरून जात होती. पुण्यात नोकरी गेली ते दिवस आठवले.

"चूक आपलीच आहे," मी म्हणालो. "माझी. मी त्यांना विचारलंच नाही."

त्या म्हणाल्या, "हे तसंच लिहून पाठवा. कागद आजच आणा. कारखान्याशी मी बोलते."

दादांना त्यांचं काम परत मिळालं, हे इथेच सांगून टाकतो. मला ताकीद मिळाली, नोकरी राहिली. पुढे एकदा मॅडम म्हणाल्या, "मागायची भीड वाटली तर मला सांगत जा. मी मागेन. मला त्यांच्याकडे जेवायला जायचं नसतं." त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. आणि कागद? टेम्पोच्या कर्जासाठी दादांनी ते सगळे केव्हाच करून ठेवले होते. मी पहिल्या दिवशी तोंड उघडलं असतं, तर फणस संपायच्या आत माझ्या हातात पडले असते.

पण हे सारं मला नंतर कळलं. त्या दुपारी मिठबावला पोचलो तेव्हा काम राहील की जाईल, काहीच माहीत नव्हतं. हत्यारांच्या पेट्या अंगणात तशाच पडल्या होत्या. दादा पडवीत बसले होते, आणि मी पायरी चढायच्या आत वहिनी आतून आल्या. त्यांनी रुमालात बांधलेल्या नोटा माझ्यासमोर ठेवल्या.

मी पायरीशीच थांबलो.

"घे," दादा म्हणाले. "कामाचा काय ता मगे बघू. आदी तुझा. येतंस, जेवतंस, पाय हलवत बसतंस आणि तोंड न उघडता जातंस. ही कधीपासून सांगता, भावजींका पैशे होये आसत, पण मागूक लाजतत."

"परतफेडीची घाई नाय हां, भावजी," वहिनी म्हणाल्या.

"लाजता कसलो मेलो! घे म्हणतंय ना!"

सकाळी ज्या माणसाचं काम गेलं होतं, तो माझी अडचण सोडवत होता. इतक्या चांगुलपणाला मी कधीच पात्र नव्हतो, आणि तरीही तो माझ्या वाट्याला आला. मी रुमाल उचलून वहिनींच्या हातात परत दिला. बसलो नाही. उभ्यानंच बोललो, कारण बसलो असतो तर पुन्हा जेवून आलो असतो.

"दादानू, माका पैशे नको. तुमच्याकडे कागद मागूचा काम माझा होता. मी मागूक नाय. आणि तीनदा मागलंय म्हणून ऑफिसाक खोटा लिवलंय. म्हणून तुमका गेटार अडवल्यानी. सकाळी फोनार परत खोटा बोललंय. कंप्युटरचो घोळ नाय, माझो घोळ. वैनीनू, तुमी पण आयका. तुमचा जेवान जेवन मी ह्या केलंय. माझा चुकला. माका माफ करा."