साडूंची मूळ संख्या

आमच्या केळझरच्या साडूंइतका आकड्यांवर जीव लावणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याला यांनीच नादी लावलेलं असेल. शेती फुलकोबी-वांग्यांची, शिक्षण बारावी, पण डोकं सदा भागाकारात. मुलीच्या साक्षगंधाला जेवायला सत्त्याण्णव माणसं भरली, तर म्हणाले, "ही मूळ संख्या आहे, पंगती सारख्या बसत नाईत," आणि रस्त्यानं चाललेल्या एका अनोळखी गृहस्थाला हाताला धरून आणलं. एकोणपन्नासच्या दोन पंगती बसल्या. गृहस्थ भरपेट जेवून, मुलीला आशीर्वाद देऊन गेला. माझी मेव्हणी मात्र आठवडाभर धुसफुसत होती.

त्यांची खरी लाडकी एकच, अठ्ठावन्न लाख ब्याऐंशी हजार तीनशे त्रेपन्न. "इले तोडा," ते म्हणत, "५८८ अन् २३५३. दोघायचे वर्ग करा, बेरीज मारा. वापस हेच येते, ५८८२३५३." मी करून पाहिलं. येते. पण तेवढ्यावर त्यांचं समाधान होईना. ती मूळ संख्या आहे हे त्यांना स्वतः ठरवायचं होतं. त्यासाठी तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे २४२५ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येनं तिला भागून बघायचं, बाकी कुठंच शून्य यायला नको. म्हणजे साडेतीनशेच्या वर भागाकार. मी मोबाईल काढला तर म्हणाले, "खिशात ठेवा तो. एकानं करावा, दुसऱ्यानं तपासावा, तोच भागाकार." शाळेपासून तपासणारा त्यांचा थोरला भाऊ. तो आता पिपरी मेघेला, माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांत सहा वर्षं अबोला. कमीपणा घ्यायला कोणीच तयार नाही.

यंदाच्या थंडीत साडूंनी भागाकारांची वही माझ्या हाती दिली. "त्याले द्या. मी देल्ली म्हणून सांगू नका." जणू असली वही जिल्ह्यात आणखी कोणी लिहितं. पंधरा दिवसांनी थोरल्यांनी ती परत केली. प्रत्येक भागाकार पेन्सिलीनं पुन्हा केलेला, आणि एकाभोवती गोल. सदतीसनं भागल्यावर बाकी नऊ नव्हे, एकोणीस.

केळझरला बांधावर बसून साडूंनी तो भागाकार तीनदा केला. मी म्हटलं, "शून्य तं नाई ना आली? मंग काय फरक पडते?"

वही मांडीवर ठेवून ते म्हणाले, "बरोबर आहे त्याचं."

मला भरून आलं. पण त्यांचं लक्ष एव्हाना पुढच्या पानांवर गेलं होतं. पेन्सिलीच्या आकड्यांवरून ते बोट फिरवत होते. शेवटी शेवटी आकडे वेडेवाकडे झाले होते, रेघ सोडून खाली उतरले होते.

"हात हालून राह्यला याचा," ते म्हणाले. "तुमी तं चार गल्ल्यांवर राहता. मले काऊन नाई सांगतलं?"

थोरले मला दर रविवारी रस्त्यात भेटत होते आणि मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. साडूंनी कोबीची पोती बांधावरच सोडली, चपला घातल्या आणि माझ्या गाडीवर मागे येऊन बसले. ती संख्या मूळ ठरली होती, पण त्या दिवशी ते आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.