फणसाला धमकी

आईनं माझं ऐकून खोटं बोलायचं ठरवलं असतं, तर मी हे लिहायला बसलेच नसते. तिनं ऐकलं नाही आणि मी सुटले. अजूनही ती सकाळ आठवली की आधी हायसं वाटतं, लाज मागाहून येते.

मी मुंबईत, खासगी विमानं भाड्यानं देणाऱ्या एका कंपनीत नोकरी करते. काम जमिनीवरचं, खुर्चीतलं. एखादे शेठ आपल्या कुत्र्याला घेऊन गोव्याला जेवायला जातात. त्यांना सोडून विमान रिकामंच परत येतं आणि संध्याकाळी त्यांना आणायला पुन्हा रिकामंच जातं. या सगळ्यात धूर किती झाला ते मी हिशेबानं काढते आणि तेवढा धूर शोषून घेणारी झाडं अमुक ठिकाणी राखली आहेत, असं सांगणारा हिरव्या किनारीचा कागद शेठना पाठवते. शेठ निर्धास्त होतात. आईला हे समजावून सांगितलं तेव्हा ती कांदा चिरता चिरता म्हणाली, "म्हंजे जेवायचं त्यांनी आनि उपास झाडांनी धरायचा."

मी हसले. हसण्यावारी न्यायला नको होतं.

आमच्या मॅनेजरना अशा राखलेल्या झाडांची मुंबईजवळची एखादी जागा हवी होती, म्हणजे हौशी गिऱ्हाइकांना झाडं नेऊन दाखवता येतील. मी लगेच बोलून गेले की वसईजवळ उमेळ्याला माझ्या आईची वाडी आहे. नारळ, चिकू, आंबे, मधोमध पाण्यानं भरलेलं बावखल, म्हणजे आमचं वाडीतलं तळं. भोवती आता इमारती आल्यात आणि बिल्डरचा माणूस महिन्या-दोन महिन्यांनी फाटकाशी येऊन गोड बोलून जातो. झाडं राखल्याबद्दल वाडीला चार पैसे मिळू लागले तर त्याचं येणं थांबेल, असा माझा हिशेब. हेतू चांगलाच होता. असं सगळेच म्हणतात, ठाऊक आहे मला.

त्यासाठी भरायच्या अर्जात एक प्रश्न होता: हा मोबदला मिळाला नाही तर ही झाडं तोडली जातील का? "नाही" लिहिलं की अर्ज तिथेच बाद. कारण जे झाड एरवीही उभंच राहणार, ते राखल्याबद्दल कोण कशाला पैसे देईल? या धंद्यात किंमत आहे ती कुऱ्हाडीखालच्या झाडाला. मी "होय" लिहिलं. वर आणखी ठोकून दिलं की जागा विकसित करण्याचा कुटुंबाचा विचार आहे.

कागद आईपुढे ठेवला. तिनं चष्मा लावला, सहीची जागा शोधली आणि विचारलं, "तू वाचलंस ना?"

"वाचलं."

"मंग झालं." आणि तिनं एकेक अक्षर जपून काढत सही केली. खोटं मी लिहिलं होतं, पण त्याच्याखाली नाव तिचं होतं.

अर्जातलं खरं आहे का ते पाहायला तपासनीस येणार, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी विरारच्या माझ्या घरून तिला फोन केला. "ते विचारतील झाडं तोडणार का, तर हो म्हण. एवढंच म्हण." ती म्हणाली, "बघू."

शनिवारी सकाळी मी पोचले तेव्हा ते गृहस्थ टेप घेऊन आंब्याचा घेर मोजत होते. भला माणूस. घामाघूम झाला होता. आईनं त्यांना सरबत दिलं. पेला खाली ठेवून त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "मावशी, पैसे नाही मिळाले तर ही झाडं तोडणार का तुम्ही?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. घरात ती आमच्या बोलीत बोलते, पण परक्यापुढे, त्यातून रागावलेली असली तर, प्रार्थनेच्या पुस्तकातलं मराठी काढते. ती म्हणाली, "होय. हा फणस मी दरवर्षी तोडते."

त्यांनी मान वर करून पाहिलं. फणस घराच्या वर गेलेला. मला बावखलात उडी घ्यावीशी वाटली.

"नाताळ उरकला की मी कोयता घेऊन याच्यासमोर उभी राहते," आई सांगू लागली. "बोथट बाजूनं तीनदा मारते आणि म्हणते, यंदा फळ धरलं नाहीस तर मुळासकट काढीन. मग ही माझी मुलगी मध्ये पडते. म्हणते, राहू दे, यंदा नक्की धरेल. माझ्या सासूपासून आमच्याकडे असंच करतात. ती नुसती धमकी असते. या कागदावरही तसंच काही लिहिलं आहे काय?"

तपासनिसांनी वहीतून मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"फणसाला धमकी देते ती त्याच्या भल्यासाठी. तुम्हाला कशाला देऊ? पैसे आले किंवा न आले, मी एकही झाड तोडणार नाही."

तपासनिसांनी पेन खिशाला लावलं. "मग मावशी, तुमची झाडं आमच्या कामाची नाहीत."

"माझ्या कामाची आहेत," आई म्हणाली आणि त्यांच्यासाठी चिकू भरायला पिशवी शोधू लागली.

अर्ज मागे घेतल्याचा कागद त्यांनी तिथेच लिहिला. या वेळी आईनं तो माझ्याकडून मोठ्यानं, ओळ न ओळ वाचून घेतला, मगच सही केली. शेवटची ओळ वाचून संपली. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

सोमवारी मॅनेजरना सांगितलं की ते "होय" माझं होतं, आईचं नाही. ते चिडले. अर्जांचं काम माझ्याकडून काढून घेतलं, धुराचं ठेवलं. नोकरी वाचली. विमानं उडताहेत, मीही कुणी संत झालेली नाही.

नाताळ उरकल्यावर घरी गेले तर आईनं कोयता माझ्याच हातात दिला. "यंदा तू तोड. तुला लई हौस ना."

लहानपणापासून माझं काम मध्ये पडून विनवण्याचं. मी बिचकत तीनदा कोयता मारला, धमकीही दिली. आई पुढे आली. तिनं खोडावर हात ठेवला, पण बघत होती माझ्याकडे.

"राहू दे," ती म्हणाली. "पयल्यांदाच चुकलंय. पुन्ना नाय चुकनार."

फणसाचं न धरण्याचं ते काही पहिलं वर्ष नव्हतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.