माशांच्या टाकीला तडा
१९८८च्या जुलैतल्या एका रविवारी सकाळी मी कणीक मळत होते, तेवढ्यात जिन्यावरून पाण्याचा ओघळ आमच्या उंबऱ्याशी आला. वरच्या क्वार्टरमध्ये प्रतिमाताई रिसबूड राहायच्या. मी कणकेच्या हातांनीच वर धावले.

प्रतिमाताई ओल्या फरशीवर बसून चहाच्या गाळणीने मासे बादलीत सोडत होत्या. टाकीच्या तळाच्या काचेला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेला होता.

"उल्का, बरं झालं आलीस. तुझा मोठा कुकर आण. या दोघांना वेगळं ठेवायला हवं, बाकीच्यांच्या शेपट्या ओढतात मेले."

प्रतिमाताई एका केंद्रीय कार्यालयात ग्रंथपाल होत्या. वय सत्तेचाळीस, एकट्या. तीन वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या या दहशतीच्या मुलखात बदलीचा हुकूम आला तेव्हा चिपळूणला भावाने डोक्याला हात लावला होता. "लोक तिकडून बदली मागून घेतायत, आणि तू निघालीस?" त्यावर ताई म्हणाल्या होत्या, "तिथलीही पुस्तकं कुणीतरी लावायला हवीतच ना." आल्या आणि रमल्या. अंधार पडल्यावर बाहेर जायची सोय नव्हती, म्हणून संध्याकाळी बघायला काहीतरी असावं एवढ्यासाठी त्यांनी मासे पाळले.

मासे बादलीत आणि कुकरमध्ये सुखरूप झाल्यावर त्यांनी कपाटातून टाकीचं हमीपत्र काढलं. एक वर्षाची हमी होती, ती संपून एकोणीस दिवस झाले होते.

"सांगा ना, तडा जूनमध्येच दिसला होता म्हणून," मी म्हटलं. "बंद होता, पोलिसांचे नाके होते, येता आलं नाही. कोण विचारतंय?"

"पण दिसला नव्हता गं."

मग आम्ही सायकलरिक्षात टाकी मांडीवर घेऊन इंडस्ट्रियल एरियाकडे निघालो. वाटेत नाक्यावर शिपायाने अडवलं. "इसमें क्या है?"

"दरार है, भाईसाहब," प्रतिमाताई म्हणाल्या. त्याने खरोखरच वाकून तडा बघितला आणि आम्हाला जाऊ दिलं.

टाक्या बनवणारे गुरचरणसिंग कारखान्याच्या मागेच राहायचे. साठीचे गृहस्थ, दाढीला काचा बसवायची पांढरी लांबी लागलेली. हमीपत्र दुरूनच बघून म्हणाले, "गॅरंटी तो खतम हो गई, बहनजी."

"हो, माहीत आहे," ताई हिंदीत म्हणाल्या. "मला फक्त एवढंच कळायला हवं, की फुटली कशाने?"

हा प्रश्न गुरचरणसिंगांना नवा असावा. त्यांनी टाकी उलटी केली, लोखंडी चौकट चाचपली आणि विचारलं, "खाली थर्माकोल होता, तो कुठे गेला?"

"तो? तो तर पॅकिंगचा म्हणून मी पहिल्याच दिवशी फेकला."

बोलता बोलताच ताईंना आपली चूक उमगली. मग प्रतिमाताईच एवढ्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. वर्षभर टाकी थर्माकोलच्या गादीशिवाय नुसत्या खडबडीत स्टँडवर उभी होती. गुरचरणसिंगही हसू लागले. "गलती मेरी भी है," ते म्हणाले. "थर्माकोल काढू नका, असं मी कुठे लिहिलंय?"

काच ते लगेच कापून द्यायला तयार होते, पण ती बसवायला माणूस नव्हता. हत्यांच्या बातम्यांनी घाबरून दोन्ही कारीगर आपापल्या गावी निघून गेले होते. एकट्याने काम उरकत नव्हतं. टाकी महिन्याने मिळाली असती.

"मला शिकवा, मी बसवते," ताई म्हणाल्या.

त्यांनी पदर खोचला. दिवसभर त्या लांबी मळत होत्या, चौकटीत बोटाने दाबत होत्या, चुकलं की खरवडून पुन्हा भरत होत्या. गुरचरणसिंगांच्या पत्नीने आम्हाला दोनदा लस्सी दिली. मी कंटाळून घरी आले. ताई उन्हं उतरायच्या आत परतल्या, नखं पांढरी, चेहरा लखलखीत.

पुढच्या रविवारी, लांबी वाळल्यावर, टाकी आणायला त्या गेल्या, त्या पुन्हा दिवसभर तिथेच. मग दर रविवारी जाऊ लागल्या. राहिलेल्या ऑर्डरी दोघांनी मिळून पुऱ्या केल्या. हमीपत्रावर थर्माकोलबद्दलची सूचना ताईंनी आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिली आणि गुरचरणसिंगांनी ती तशीच छापून घेतली.

दिवाळीनंतर कारीगर परतले. ताईंना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. पण तोवर हवाई दलातल्या एका बाईंची गळकी टाकी त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन पडली होती, आणि दुसरी वाटेवर होती. ऑफिसातून आल्या की चहा घेऊन त्या थेट लांबी मळायला बसायच्या. भावाचं पत्र यायचं, बदलीचा अर्ज केलास का म्हणून. त्या उत्तर लिहायच्या, "सध्या हातात काम आहे."