हवाबंद खोली

बी.एस्सी. होऊन मी लोणावळ्याच्या एका योग-संशोधन संस्थेत लागलो. तिथं एका खोलीत साधकांचा श्वास मोजत, दुसरीत क्ष-किरणांचे फोटो काढत, तिसरीत रक्त तपासत. माझ्याकडे आली हवाबंद खोली. देवघराएवढी, आतून पत्र्यानं मढवलेली, दाराला एक काच. माणूस आत बसला की दाराच्या फटी मेणानं बुजवायच्या आणि आतली हवा नळीवाटे थोडी थोडी काढून तपासायची. कोंडलेल्या हवेत प्राणायामाची सवय असलेला माणूस कसा तगतो आणि सवय नसलेला कसा, हे संस्थेच्या प्रमुख सरांना पाहायचं होतं.

सवय नसलेले म्हणून टाकव्याचे एक शेतकरी आबा आले. त्यांचं पोटाचं जुनं दुखणं संस्थेत बरं झालं होतं, म्हणून आपण होऊन तयार झाले. बायकोही सोबत होती. ती बाहेर बाकावर बसली.

"आबा, मी काच वाजवली की बोट वर करा. जीव घाबरला तर ही दोरी ओढा."

"आरं, भातखाचरात दिसभर वाकतो मी. हितं निस्तं बसायचं, त्यात काय घाबरायचं?"

सर पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेले होते. दोरी ओढल्याशिवाय दार उघडायचं नाही, असा त्यांचा नियम होता.

बराच वेळ बोट चटकन वर येत होतं. मग उशिरा येऊ लागलं. मग अर्धंच. पुढच्या वेळी आलंच नाही. आबांचं डोकं भिंतीला टेकलेलं, डोळे अर्धवट उघडे, दोरी मुठीत. मी मुठीनं काच ठोकली. दार उघडलं तर सकाळपासूनचं सगळं वाया जाणार, सर काय म्हणतील? सांगायला लाज वाटते, पण काही क्षण मी हाच विचार करत उभा राहिलो.

"काच का बडवताय वो?" बाकावरून आबांच्या बायकोनं, मावशींनी विचारलं.

"काही नाही, मावशी."

त्या उठल्याच. काचेला तोंड लावून ओरडल्या, "आवं! ऐकताय न्हवं?"

मग मी सुरीनं मेण खरवडायला लागलो. सुरी दोनदा निसटली. मावशी नखांनी मेण उकरत होत्या. दार उघडलं तशी कोंदट वाफ अंगावर आली. आम्ही दोघांनी आबांना ओढत व्हरांड्यात आणलं. रोज दहा जणांची नाडी पाहणारा मी, मला त्यांची नाडी सापडेना. माझंच काळीज बोटांत धडधडत होतं.

कितीतरी वेळानं ते खोकले. "वढायची व्हती दोरी," ते पुटपुटले, "पन हातच उटंना."

मावशींनी त्यांच्या तोंडाला पाणी लावलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "तुमी 'काय न्हाई' म्हनला व्हता."

सर आले, ऐकलं आणि मटकन खुर्चीत बसले. दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावून दार बदललं आणि नियमही: आतून नुसतं ढकललं तरी दार उघडेल, आणि डॉक्टर हजर असल्याशिवाय कुणी आत बसणार नाही. पहिला मी बसलो. दार लागलं आणि पत्र्याच्या भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटल्या. हवा भरपूर होती, तरी मी दार ढकलून बाहेर आलो. सरांनी वहीत लिहिलं, 'भीतीमुळे बाहेर.'

पुढच्या रविवारी कामशेतला उतरून टाकव्याला चालत गेलो. आबा लावणी करत होते. मला पाहून बांधावर आले, हसले, घरी घेऊन गेले. मावशींनी चहाची कपबशी पुढ्यात ठेवली. आणि माझ्याकडे न बघताच आत गेल्या.